हाताने फिरवून पाहिलं का?

रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. आमची फसगत तिथेच झाली. सुरूच झाली नसती तर आम्ही हात जोडून गॅरेज गाठलं असतं. पण ती सुरू झाली, थरथरली, खोकल्यासारखा आवाज करत चालत राहिली आणि आम्हाला वाटलं, नवीन बेल्ट आहे, बसेल हळूहळू.

बेल्ट हळूहळू बसत नसतो. तो बरोबर बसलेला असतो किंवा चुकीचा. हे आता सांगता येतं. त्या संध्याकाळी अंगण भरून हत्यारं पडली होती, वळीवाचे ढग डोक्यावर आले होते आणि मंगळवारी सकाळी सात वाजता अब्बांना डायलिसिसला पोहोचवायचं होतं. अशा वेळी माणूस स्वतःला सोयीचं तेच ऐकतो.

गाडी आमची साधीच. चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, दुसऱ्या हाताची. तीन वर्षांपूर्वी घेतली ती केवळ अब्बांसाठी. आमचं गाव खाडीकाठी, तिथून चिपळूण तासाभराच्या अंतरावर. आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना घेऊन जायचं, चार तास बाहेर बाकावर बसायचं आणि परत आणायचं. येताना ते इतके थकलेले असतात की एसटीचा विचारही करवत नाही. म्हणून त्या गाडीचा आवाज बदलला की आमच्या घरात सगळ्यांचे कान टवकारतात.

घेताना विकणाऱ्याने कागदपत्रं दिली, विम्याची पावती दिली, पण कामाची बिलं काही दिली नाहीत. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. सुचणार कसं? रंग, टायर, एसी, मायलेज, एवढ्यावरच आपली खरेदी होते. मीटर ८६ हजारांवर गेला तेव्हा तेल बदलायला नेलेल्या गॅरेजात उस्तादने सहज विचारलं, "बेल्ट केव्हा टाकलाय?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने डोकं हलवलं आणि खर्च सांगितला. मजुरी धरून साडेआठ हजार आणि गाडी दोन दिवस ठेवावी लागेल.

साडेआठ हजारही डोळ्यांवर आले, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की आमच्यापैकी एकाला हत्यारांचा नाद आहे. ब्रेकचे पॅड, प्लग, फिल्टर, अल्टरनेटरचा बेल्ट ही कामं घरीच होतात. आणि दुसऱ्याला त्या नादाचं कौतुक आहे, जे नादापेक्षा जास्त घातक असतं.

ज्यांच्या घरी गाडी आहे पण बॉनेटखाली काय असतं याच्याशी ज्यांचा संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, पिस्टन त्याला फिरवतात. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची दारं. पिस्टन आधी हवा ओढतो, मग ती दाबतो, मग ठिणगीने स्फोट होऊन खाली ढकलला जातो, मग धूर बाहेर लोटतो. या चार चाली पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. प्रत्येक दार मात्र या चार चालींत एकदाच उघडायचं असतं. म्हणून कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक. गाडी ताशी साठ-सत्तरने चालली असताना क्रँक मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. एवढ्या घाईत खालच्याला वरच्याशी बांधून ठेवतो तो दात्यांचा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट.

हा दात्यांचा पट्टा आला शिलाई मशीनमधून. अमेरिकेत १९४० च्या दशकात मशीनमधली सुई आणि खालचा दोरा यांची वेळ न चुकता जुळावी म्हणून तो काढला गेला. विक्रीसाठी बनलेल्या मोटारीत तो पहिल्यांदा बसला १९६२ मध्ये, ग्लास नावाच्या जर्मन कंपनीच्या छोट्या गाडीत. त्याआधी हे काम साखळी नाहीतर गिअर करत. बेल्ट हलका, स्वस्त, आवाज न करणारा, तेल न मागणारा. दोष एकच, तो म्हातारा होतो आणि सांगत नाही. साखळी सैल झाली की खडखडते. बेल्ट शेवटच्या क्षणापर्यंत गप्प असतो. म्हणूनच तो ठरलेल्या वेळी बदलायचा असतो. कुठे ५०-६० हजार किलोमीटरला, कुठे एक लाखाला, किंवा इतकी वर्षं झाली की. गाडीगणिक आकडा वेगळा, आणि तो गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात छापलेला असतो. (आजच्या बऱ्याच गाड्यांना पुन्हा साखळीच असते. तुमच्या गाडीला काय आहे ते आजच विचारून ठेवा.)

आणि तुटला तर? काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बेल्ट तुटला की गाडी फक्त थांबते. पुष्कळ इंजिनांत मात्र दोघांची जागा एकच असते, फक्त वेळ वेगवेगळी. एक वर येतो तेव्हा दुसरा मिटलेला असतो. वेळ चुकली की टक्कर, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं आणि खर्च बेल्टच्या कितीतरी पटीने जातो. आमचं इंजिन या दुसऱ्या जातीचं. हे आम्हाला माहीत होतं. माहीत असूनही जे केलं ते आता सांगतो.

सकाळी नऊला सुरुवात केली. बॅटरीची तार काढली, गाडी जॅकवर उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली, उजवं चाक काढलं. इंजिनाखाली दुसरा जॅक आणि त्यावर फळी, कारण त्या बाजूचा माउंटिंग सोडावा लागतो. एसीचा आणि अल्टरनेटरचा पट्टा काढला. क्रँकच्या पुलीचा मधला बोल्ट काही केल्या सुटेना. शेवटी गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकून एकाने आत बसून ब्रेक दाबून धरला आणि दुसऱ्याने पान्याला पाइप लावून झटका दिला. तो 'कडाक्' आवाज आला तेव्हा अम्मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या.

कव्हर निघालं आणि जुना बेल्ट दिसला. पाठीवर केसासारख्या भेगा. खालची कड तेलाने भिजून फुगलेली, कारण क्रँकचं ऑइल सील झिरपत होतं. रबराचा सगळ्यात मोठा वैरी तेल. हा बेल्ट पावसाळा काढू शकला असता की नाही, शंकाच. वेळेत उघडलं याचं समाधान वाटलं आणि त्या समाधानात आम्ही जरा जास्तच निवांत झालो.

सील नवं आणलेलं होतं, टेन्शनरची बेअरिंगही. पाण्याचा पंप मात्र आणला नव्हता. तोही याच बेल्टवर फिरतो. दुकानदार म्हणाला होता, उघडताय तर पंपही टाकून घ्या. आम्ही पंप हाताने फिरवून पाहिला, गुळगुळीत फिरला, आणि पैसे वाचवले. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

क्रँकवर एक खूण असते आणि कॅमच्या गिअरवर एक. दोन्ही आपापल्या ठरलेल्या जागेसमोर आल्या की पहिला पिस्टन अगदी वर असतो. तसं जुळवून मुलीच्या कंपासपेटीतल्या व्हाइटनरने दोन्हीकडे पांढरे ठिपके दिले. फोनवर फोटोही काढले. मग टेन्शनर सैल करून जुना बेल्ट ओढला आणि तो सुटताक्षणी कॅम 'टक्' करून थोडा फिरला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला ढकलत असतात, बेल्टने धरलेला असतो म्हणून तो जागेवर असतो. घाबरण्यासारखं काही नाही. पान्याने हळूच परत खुणेवर आणला आणि एकाने तो तसाच धरून ठेवला. दुसऱ्याने नवा बेल्ट खालून वर चढवायला घेतला.

चूक इथे झाली. टेन्शनर एका बाजूला असतो, बेल्टमधली ढील त्या बाजूला यायला हवी. समोरची बाजू, जिच्यावरून क्रँक कॅमला ओढतो, ती ताणलेली हवी. तिथे किंचितही ढील राहिली तर खुणा जुळलेल्या दिसतात, पण क्रँक फिरायला लागला की आधी ती ढील संपते आणि मगच कॅम हलतो. म्हणजे कॅम मागे पडतो. आमच्या हातून त्या बाजूला ढील राहिली. पान्याने कॅम धरणारा हात दुखत होता, तो जरासा हलला असेल. बेल्ट चढला, ठिपके जुळलेले दिसले, टेन्शनरचा स्प्रिंग सोडला, आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

असं होऊ शकतं हे इंजिन बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून पुस्तकात पुढची पायरी लिहिलेली असते. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा. दोनच का? क्रँकच्या एका फेऱ्यात कॅम अर्धाच फिरतो, त्याची खूण तेव्हा खाली तोंड करून असते, दिसतच नाही. दोन फेऱ्यांनी दोघेही परत जागेवर येतात. शिवाय टेन्शन बेल्टभर सारखं पसरतं. आणि कुठे पिस्टन व्हॉल्व्हला लागत असेल तर हाताला कळतं, तिथे जोर न करता थांबता येतं. किल्लीने स्टार्टर मारला की थांबायला वेळ नसतो.

आम्ही प्लग काढले नव्हते. प्लग काढले की इंजिन हलकं फिरतं, नाहीतर प्रत्येक वेळी दाबलेल्या हवेशी झुंजावं लागतं. पाना वीस-तीस अंश फिरायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. चाकाच्या पोकळीत हात जेमतेम जातो. एक फेरा व्हायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात दिवे गेले, लांब खाडीपलीकडे गडगडलं, मगरिबची अजान व्हायला थोडाच वेळ राहिला होता. क्रँकची खूण परत जागेवर आलेली टॉर्चच्या उजेडात दिसली.

अब्बा ओट्यावर खुर्चीत बसले होते, सकाळपासून. त्यांनी तिथूनच विचारलं, "हाताने फिरवून पाहिलं का?"

आम्ही म्हणालो, "हो, पाहिलं."

आमच्यापैकी कोण म्हणालं ते इथे सांगत नाही. एकाने म्हटलं, दुसऱ्याने ऐकलं, आणि दोघेही गप्प राहिलो.

अब्बांचं आयुष्य जहाजावर गेलं. कोकणातल्या आमच्या वाड्यांमधून जहाजावर गेलेल्यांची मोजदाद नाही, अब्बा त्यातलेच, इंजिनरूमचे. तिथलं इंजिन घराएवढं असतं. बंदरात थांबलेलं इंजिन सुरू करण्याआधी ते टर्निंग गिअरने हळूहळू फिरवतात, सिलिंडरचे छोटे कॉक उघडे ठेवून, आत कुठे पाणी साचलंय का, काही अडकतंय का ते पाहायला. मग गिअर सोडवतात आणि मगच हवा मारतात. त्यांच्या तोंडून हे आम्ही कितीदा ऐकलं असेल. त्यांचा प्रश्न सहज विचारलेला नव्हता.

कव्हर लावलं, पुली लावली, बोल्ट उस्तादकडून मागून आणलेल्या टॉर्क रेंचने कसला. ते एक काम तेवढं चोख केलं. हा बोल्ट सैल राहिला तर पुली आणि गिअर चावीवर हलत राहतात, खाच खाल्ली जाते आणि हजार-दोन हजार किलोमीटरनंतर टायमिंग आपोआप सरकतं. मग किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, पण थांबल्या जागी अंगभर हलत होती. अॅक्सिलरेटर दाबला तर आधी काहीच नाही, मग उशिराने ओढ. हवेच्या फिल्टरच्या बाजूने फुस्-फुस् असा उलटा श्वास. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एक म्हणालं, बॅटरी काढली होती म्हणून कॉम्प्युटर विसरलाय, थोडी चालवली की शिकेल. खरोखर असं थोडंफार होतं, म्हणूनच ते पटण्यासारखं वाटलं. दुसरं म्हणालं, बंद कर. दोन-तीन मिनिटं वाद झाला. वादात इंजिन चालूच होतं, हे नंतर आठवून पोटात गोळा आला.

रात्री कुवेतला फोन लावला. धाकटा भाऊ तिथे गॅरेजमध्ये आहे, बारा वर्षं झाली. व्हिडिओवर आवाज ऐकवायला निघालो तर त्याने ओरडून थांबवलं. "भाई, किल्लीला हात लावू नका आता. भाभी, किल्ली काढून तुमच्याकडे ठेवा." मग एकेक विचारत गेला. क्रँकच्या सेन्सरचा कनेक्टर परत लावला का? लावला होता. एखादी व्हॅक्यूमची नळी निघाली आहे का? टॉर्च घेऊन पाहिलं, नव्हती. प्लगच्या तारा उलटसुलट? नाही. शेजारच्या मुलाकडे गाडीला जोडून फोनवर कोड दाखवणारं छोटं यंत्र होतं, ते लावलं. कोड आला पी००१६. भाऊ काही क्षण बोललाच नाही. हा कोड म्हणजे क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांचं एकमेकांशी जमत नाही.

"दोन फेरे दिले होते?" त्याने विचारलं. त्याला मात्र आम्ही खरं सांगितलं. फोनवर, इतक्या लांब असलेल्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं.

त्याने हिशोब करायला लावला. क्रँकच्या गिअरला दाते किती? मोजले होते, २०. कॅमच्या गिअरला ४०. म्हणजे एक दाता चुकला की क्रँकच्या मापाने १८ अंश. "एका दात्यावर बहुतेक व्हॉल्व्ह लागत नाहीत, गाडी अशीच रडत चालते. दोन-तीन दाते असले तर सांगता येत नाही. आवाज धातूचा आला का, टकटक?" आला नव्हता. पण खात्री कुणाला होती? त्या रात्री आम्ही दोघेही जागेच होतो. हेड उघडायचं झालं तर पैसे कुठून आणायचे याचा हिशोब मनात चालला होता, आणि तो दोघांनाही एकाच रकमेपाशी आणून सोडत होता. ती रक्कम अब्बांच्या औषधांसाठी बाजूला ठेवलेली होती.

सोमवारी उस्ताद दुसऱ्या गावी गेलेला. मंगळवारी पहाटे शेजारच्या वाडीतली जीप भाड्याने सांगितली. अब्बा काही न बोलता पुढे बसले. वाटेत खड्डे आले की ते दांडी धरून डोळे मिटायचे. आम्ही मागच्या सीटवर एकमेकांशी बोलत नव्हतो.

त्यांना मशीन लागल्यावर तासाभराने आत जाऊन बसायची परवानगी मिळते. तिथे सांगितलं. "अब्बा, रविवारी एकच फेरा दिला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी ओट्यावरून मोजत होतो."

मग आपण बोलला का नाहीत, असं आम्ही विचारलं. ते मशीनच्या फिरणाऱ्या पंपाकडे पाहत होते. रक्त ओढणारा तो छोटा रोलर, तोही गोल फिरतो. म्हणाले, "तुम्ही हो म्हणालात ना." आणि पाणी मागितलं. डॉक्टरांनी मोजून ठरवून दिलेलं असतं, त्यातले दोन घोट दिले.

बुधवारी संध्याकाळी उस्ताद घरी आला. यायला त्याला काही कारण नव्हतं, काम त्याच्याकडून काढून घेऊन आम्ही घरी केलं होतं. आला, अंगणात उकिडवा बसला, चहा आधी घेतला. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशनचा गेज लावला. पेट्रोल आणि ठिणगी बंद करून स्टार्टर मारायचा आणि काटा कुठवर जातो ते पाहायचं. आमचा जीव त्या काट्यावर. पहिला सिलिंडर १४५ पौंड. दुसरा १४०. तिसरा १४५. चौथा १४०.

"बचावलात," तो म्हणाला. एखादा व्हॉल्व्ह वाकला असता तर त्या सिलिंडरचा काटा जवळजवळ उठलाच नसता आणि बाकीचे नीट असते. इथे चारही थोडे कमी, पण सारखे. म्हणजे दारं शाबूत आहेत, फक्त उशिरा मिटतायत, त्यामुळे थोडी हवा परत निसटते. फिल्टरमधली फुस्-फुस् तीच.

काम त्याने केलं नाही, आमच्याकडून करून घेतलं. वरचं कव्हर काढलं. प्लग निघालेलेच होते, त्यामुळे क्रँक एका हाताने फिरत होता. खालची खूण जागेवर आणली. वर पाहिलं तर कॅमचा पांढरा ठिपका आपल्या खाचेच्या अलीकडेच थांबलेला. एक दाता. बोटाच्या पेराएवढंही अंतर नाही. रविवारी आणखी पंधरा मिनिटं दिली असती तर हे तेव्हाच दिसलं असतं.

पुन्हा माउंटिंग, पुन्हा पुली. बेल्ट दोन-चार मिनिटंच चाललेला होता, तोच ठेवला. या वेळी आधी क्रँकवर, मग ताणाची बाजू बोटांनी ओढून धरत कॅमवर, आणि उरलेली ढील सगळी टेन्शनरकडे. कॅमच्या गिअरवर बेल्ट सरकू नये म्हणून उस्तादने कागद अडकवायची क्लिप लावली. मुलीच्या परीक्षेच्या पॅडची. स्प्रिंग सोडला. पाना लावला.

अब्बांनी खुर्ची अंगणात आणायला सांगितली. गाडीपासून हातभर अंतरावर बसले. पाना फिरायला लागला. खालची खूण एकदा आली. "एक," अब्बा म्हणाले. कुणी थांबलं नाही. दुसऱ्यांदा आली. "दोन." सगळ्यांनी वर पाहिलं. ठिपका खाचेत होता. उस्ताद म्हणाला, आणखी दोन द्या. दिले. चार. तेव्हा कुठे टेन्शनरचा बोल्ट कसला. पुन्हा गेज लावला तर चारही सिलिंडर १६५ ते १७० च्या दरम्यान.

गाडी सुरू झाली तेव्हा टॅपेटचा जो बारीक टिकटिकाट असतो तेवढाच ऐकू येत होता. कोड पुसला, तो परत आला नाही. शुक्रवारी अब्बांना त्याच गाडीतून नेलं. कव्हरच्या आतल्या बाजूला आम्ही रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, पुढे ही गाडी कुणी घेईल त्याला आमच्यासारखं एकमेकांकडे बघावं लागू नये म्हणून.

वाचकांपैकी कुणी विचारेल, मग घरी हे काम करावं की नाही? ज्यांचा हात बसलेला आहे, ज्यांच्याकडे आपल्याच गाडीचं सर्व्हिस पुस्तक आहे, टॉर्क रेंच आहे आणि हातात पूर्ण दोन दिवस आहेत, ते करतात आणि नीट करतात. आमच्याकडे तीन गोष्टी होत्या, चौथी नव्हती. ज्या गाडीवर परवाच्या दवाखान्याची वेळ अवलंबून आहे तिचं इंजिन रविवारी उघडायला नको होतं, एवढं मात्र आम्ही दोघेही आता कबूल करतो. आणि काम कुठेही करा, नंतर गाडी हलायला लागली, ओढ गेली, दिवा लागला, तर "थोडी चालवून बघू" म्हणू नका. किल्ली काढा. गॅरेजमधून आणलेली असली तरी तिथेच ओढून परत न्या, चालवत नको. आमचं इंजिन वाचलं ते एकच दाता होता म्हणून, त्यात आमचं काही शहाणपण नव्हतं.

पंपाचं राहिलं. सप्टेंबरात एका सकाळी गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसलं. जुन्या पंपाचं सील गेलं होतं, नव्या ताणलेल्या बेल्टचा जोर त्याला सोसला नसावा. पाणी बेल्टवर उडालं होतं, त्यामुळे पंपाबरोबर बेल्टही पुन्हा नवा घ्यावा लागला. जे वाचवलं होतं त्याच्या तिप्पट गेले. या वेळी गाडी शुक्रवारी दुपारी परत आल्यावर थेट उस्तादकडे सोडली, सोमवारी संध्याकाळपर्यंत. अब्बांनी बरोबर यायचा हट्ट धरला. उस्तादने बेल्ट चढवला, पाना लावला, आणि फिरवायच्या आधी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"चाचा, मोजा," तो म्हणाला.